दुहेरी सदस्यत्व (संसद व राज्य विधिमंडळ)

एकाच व्यक्तीने एकाच वेळी संसदेच्या आणि राज्य विधिमंडळाच्या सभागृहाचे सदस्य असणे, याला दुहेरी सदस्यत्व म्हणतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०१ (२) नुसार अशी स्थिती फार काळ टिकू शकत नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मात्र ती सर्रास आढळत होती. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडून दिले होते आणि त्यांच्यावर प्रांतातील जागा सोडण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत हे आपापले प्रांत सांभाळतच संविधान सभेतही बसत होते.

अशा दुहेरी सदस्यत्वाची मुदत १९५० च्या नियमांनी ठरवून दिली. दोन्हीकडे निवडून आल्याची घोषणा केंद्राच्या किंवा राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली, की त्यांतील नंतरच्या तारखेपासून चौदा दिवसांत राज्यातील जागेचा राजीनामा द्यावा लागतो. तो न दिल्यास संसदेतील जागा आपोआप रिकामी होते. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. स्वस्थ बसून राहणाऱ्याची आमदारकी शाबूत राहते, जाते ती खासदारकी. दिल्लीला जायचे असेल तर मुंबईतील जागा स्वतःहून सोडावी लागते, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. आमदाराने राजीनामा न देता लोकसभेची निवडणूक लढवण्यास या नियमाची आडकाठी नाही.

या नियमाचा भार बहुधा मतदारांवर पडतो. रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते. पण त्या जागेची उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर ही सक्ती राहत नाही. २०२४ च्या जूनमध्ये धारावीच्या आमदार वर्षा गायकवाड आणि सोलापूर शहर मध्यच्या आमदार प्रणिती शिंदे लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा विधानसभेची मुदत काही महिन्यांचीच उरली होती. त्यामुळे नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत या मतदारसंघांना आमदार नव्हता.

नियमाची खरी फट मंत्रिपदात आहे. अनुच्छेद १६४ (४) प्रमाणे विधिमंडळाचा सदस्य नसलेली व्यक्तीही सहा महिन्यांपर्यंत राज्यात मंत्री राहू शकते, आणि चौदा दिवसांची मुदत तर दोन सदस्यत्वे असली तरच सुरू होते. कोरापुटचे खासदार गिरिधर गमांग फेब्रुवारी १९९९ मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. ते विधानसभेचे सदस्य नव्हते, म्हणून त्यांची खासदारकीही सुटली नव्हती. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदानासाठी ते लोकसभेत हजर झाले तेव्हा गदारोळ उठला. सभापती बालयोगी यांनी हा निर्णय गमांग यांच्याच सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवला. त्यांनी ठरावाविरुद्ध मत दिले, आणि सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. ते एक मत गमांग यांचेच होते, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनीही त्या दिवशी पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिले होते. एका मताच्या फरकात विरोधातले प्रत्येक मत सारखेच निर्णायक असते. कायद्याच्या दृष्टीने गमांग यांचे वर्तन वैध होते. औचित्याचा प्रश्न वेगळा, आणि तो त्यानंतरही मिटलेला नाही. उत्तर प्रदेशात मार्च २०१७ मध्ये मुख्यमंत्री झालेले योगी आदित्यनाथ विधान परिषदेवर येईपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, गोरखपूरचे खासदार होतेच.

उलट दिशेने जाणाऱ्यांनाही अशीच सवलत आहे. अनुच्छेद ७५ (५) केंद्रीय मंत्र्याला संसदेत निवडून येण्यासाठी सहा महिने देतो. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, तेव्हा ते संसदेचे सदस्य नव्हते. नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी माणसाला पाठ असते, नाशिकची ती पोटनिवडणूक मात्र क्वचितच कुणाला आठवते. शरद पवार १९८४ मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेले आणि १९८५ मध्ये विधानसभा जिंकून खासदारकी सोडून राज्यात परतले.