अविघटनीय मॉड्यूल आणि पृष्ठभागांवरील वक्र : पार्श्वभूमी

अल्जेब्रा म्हणजे ज्यात गुणाकारही करता येतो असे सदिश अवकाश, आणि मॉड्यूल म्हणजे ज्यावर ती अल्जेब्रा क्रिया करते असे सदिश अवकाश. सांत मितीच्या अल्जेब्रावरचे सांत मितीचे कोणतेही मॉड्यूल अविघटनीय, म्हणजे आणखी न फुटणाऱ्या, तुकड्यांत फोडता येते. क्रुल–श्मिट प्रमेयानुसार हे तुकडे, क्रम सोडला तर, ठरलेलेच असतात. म्हणून सारा प्रश्न त्या तुकड्यांच्या यादीचा. क्विव्हर म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांची आकृती; बाणांवरच्या वाटांपासून अल्जेब्रा बनते. ही यादी कोणत्या क्विव्हरसाठी सांत असते, ते पीटर गॅब्रिएल यांनी १९७२ मध्ये दाखवले: ए, डी, ई या डिंकिन आकृत्यांसाठीच (बिंदू-रेषांच्या काही ठरावीक साध्या आकृत्या).

यादी अनंत असूनही लिहिता येते, हे त्याआधी गेल्फांड आणि पोनोमारेव्ह यांनी १९६८ मध्ये लॉरेन्ट्झ गटाच्या (सापेक्षता सिद्धांतातील रूपांतरांच्या गटाच्या) निमित्ताने दाखवले होते. बाणांवरून सुलट-उलट चालत शब्द रचायचे. सुटा शब्द म्हणजे स्ट्रिंग, चक्राकार शब्द म्हणजे बँड. बटलर आणि रिंगेल यांनी १९८७ मध्ये ही पद्धत स्ट्रिंग अल्जेब्रांसाठी, म्हणजे बाणांवर काही ठरावीक बंधने असलेल्या अल्जेब्रांसाठी, पक्की केली. जेंटल अल्जेब्रा हा त्यांतलाच अधिक कडक बंधनांचा एक वर्ग. वर्गीकरण एका अर्थी तेव्हाच झाले होते. चित्र मात्र नव्हते.

ते आले क्लस्टर अल्जेब्रांकडून: यांत चलांच्या एका संचातले एकेक चल बदलत नवे संच मिळवतात. काल्डेरो, शापोतों आणि शिफलर यांनी २००६ मध्ये ए-प्रकारासाठी बहुभुजाचे कर्ण वापरले. पंचकोन घ्या. एकमेकांना न छेदणारे दोन कर्ण काढले की तीन त्रिकोण होतात. प्रत्येक कर्णासाठी एक बिंदू घेतला की दोन बिंदू आणि एक बाण असा क्विव्हर मिळतो. उरलेल्या तीन कर्णांपैकी एक फक्त पहिल्याला छेदतो, एक फक्त दुसऱ्याला, एक दोघांना. या क्विव्हरची अविघटनीय मॉड्यूलेही नेमकी तीन, आणि छेद मोजले की मिती मिळते! मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: स्ट्रिंगचे अक्षर म्हणजे वक्राने एका त्रिकोणातून केलेला प्रवास.

फोमिन, शापिरो आणि थर्स्टन यांनी २००८ मध्ये क्लस्टर अल्जेब्रा कोणत्याही त्रिकोणीकृत पृष्ठभागाशी जोडल्या. आसेम, ब्रुस्टल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छिद्रे (म्हणजे पृष्ठभागाच्या आत, कडेवर नसलेले खुणेचे बिंदू) नसलेल्या पृष्ठभागांतून जेंटल अल्जेब्रा मिळवल्या. तिथे बँडला बंद वक्र भेटला. कंकणाच्या (दोन वर्तुळांमधल्या पट्टीच्या) दोन्ही कडांवर एकेक बिंदू घेतला की क्रोनेकर क्विव्हर मिळतो: दोन बिंदू, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे दोन बाण. त्यावरच्या मॉड्यूलांचे, म्हणजे रेषीय चित्रणांच्या जोड्यांचे, वर्गीकरण क्रोनेकर यांनी १८९० मध्येच केले होते. कंकणाला एकदा वळसा घालणाऱ्या वक्रासोबत एक शून्येतर अदिश दिला की त्या जोड्यांचे एक अख्खे कुटुंब हाती येते.

छिद्रांचे पृष्ठभाग अधिक अवघड आहेत. जेंटल अल्जेब्रांपुरते मात्र बाउर आणि कोएल्हो सिमोएस यांनी संपूर्ण मॉड्यूल-कॅटेगरी (मॉड्यूले आणि त्यांच्यामधली चित्रणे) वक्रांत मांडली, तर ओपर, प्लामोंदों आणि श्रोल यांनी डिराइव्ह्ड कॅटेगरी, जिथे सुट्या मॉड्यूलांऐवजी त्यांच्या साखळ्या घेतात.