जन्मतःच जुनी झालेली रेकॉर्ड

पोर्टिसहेड या इंग्लिश गटाचा ‘डमी’ हा अल्बम कुणाला काहीही न सांगता ऐकवा आणि तो कधीचा असेल ते विचारा. कुणी साठचं दशक म्हणेल, कुणी गेल्या वर्षीचा. खरं उत्तर आहे ऑगस्ट 1994. त्या वर्षीच्या बऱ्याच पॉप गाण्यांचं वय पहिल्या काही सेकंदांत कळतं, कारण तेव्हा नव्या असलेल्या कीबोर्डचा चकचकीत आवाज त्यांची जन्मतारीख सांगून टाकतो. ‘डमी’ अशी पकडीत येत नाही. ट्रिप-हॉप म्हणजे हिप-हॉपच्या संथ ठोक्यांवरची उदास गाणी; त्यातली इतर बरीच मंडळी विस्मरणात गेली, हा अल्बम मात्र त्याच्यानंतर जन्मलेली मुलंही ऐकतात. श्रेय गाण्यांना आणि गळ्याला आहेच, पण मला वाटतं, त्यातला मोठा वाटा आवाज मुद्दाम जुना करण्याच्या कारागिरीचा आहे.

गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या वस्तीनं या बंदराच्या शहरात रेगे आणि डब या जमैकन संगीताचा जड, संथ बेस रुजवला होता. तिथल्या एका स्टुडिओत ‘मॅसिव्ह अटॅक’ हा गट आपला पहिला अल्बम ‘ब्लू लाइन्स’ (1991) ध्वनिमुद्रित करत असताना जेफ बॅरो नावाचा पोरगा टेप लावणं आणि चहा आणणं अशी कामं करत होता. गायिका बेथ गिबन्स त्याला भेटली ती बेरोजगारांना स्वतःचा धंदा काढायला मदत करणाऱ्या सरकारी योजनेच्या वर्गात. (सरकारी योजनेतून इतकं चांगलं काही निघाल्याची उदाहरणं फार नसतील.) पुढे जॅझ गिटारवादक एड्रियन अटली येऊन मिळाला. बॅरो ज्या गावात वाढला, त्याचंच नाव गटाला दिलं.

त्या काळात हिप-हॉपवाले जुन्या रेकॉर्डमधला दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलायचे आणि तो सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, पुन्हा पुन्हा फिरवायचे. ‘डमी’तही तसे तुकडे आहेत. ‘सावर टाइम्स’ या गाण्यातला तारांचा झंकार संगीतकार लालो शिफ्रिनच्या संगीतातून घेतलाय. ते वाद्य सिंबालोम, आपल्या संतूरचा हंगेरीतला भाऊबंद. पण बॅरो आणि अटली तेवढ्यावर थांबले नाहीत. ते स्वतःच ड्रम, गिटार वाजवून ध्वनिमुद्रित करायचे, त्याची रेकॉर्ड बनवून घ्यायचे, ती टर्नटेबलवर झिजवायचे आणि मग तिच्यातून तुकडा उचलायचे. काही रेकॉर्ड जमिनीवर टाकून त्यांच्यावरून चालल्याचंही सांगतात. म्हणजे कधी अस्तित्वातच नसलेल्या जुन्या रेकॉर्डची ही आठवण!

आता त्या खरखरीकडे जरा जवळून बघू. रेकॉर्डच्या खाचेत धुळीचा कण असला, की सुई त्यावर आदळून उडते. हा धक्का साधारण एका मिलिसेकंदाचा असतो, आणि इतक्या आखूड धक्क्यात खर्जापासून तारापर्यंत बहुतेक सगळ्या कंप्रता एकदम भरलेल्या असतात, म्हणून तो ‘टक’ असा ऐकू येतो. धूळ कुठेही बसते, त्यामुळे हे टक-टक बेशिस्त असतं. ओरखडा मात्र शिस्तीचा: मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर तो बरोब्बर दर 1.8 सेकंदांनी वाजतो.

पण तुकडा उचलून फिरवला की बेशिस्त खरखरही त्यात अडकते. दुसऱ्या ठोक्यानंतर आलेले तीन बारीक टक दर फेरीला तिथेच येतात आणि ड्रमचाच भाग होऊन बसतात. 2010 साली ट्रेव्हर अ‍ॅगस, सायमन थॉर्प आणि डॅनिएल प्रेस्निट्झर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकेका सेकंदाचा निव्वळ खरखराट ऐकवला. काही खरखराटांत पहिला अर्धा सेकंद लगेच पुन्हा वाजायचा, आणि ही पुनरावृत्ती ओळखायची होती. न सांगता मधूनमधून एखादा विशिष्ट खरखराट परत परत ऐकवला, तर काही फेऱ्यांतच लोकांना त्यातली पुनरावृत्ती सहज ओळखू यायला लागली. ती ओळख काही आठवडे टिकली. सूर नाही, शब्द नाही, अर्थ नाही, तरी कानानं तो पाठ केला. ‘डमी’ ऐकणाऱ्याचे कान तेच करत असतात. फक्त आपण पाठ काय केलंय, हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं.

वेगाचीही एक गंमत आहे. 45 फेऱ्यांची रेकॉर्ड 33⅓वर लावण्याचा चाळा घरी रेकॉर्ड प्लेअर असलेल्यांनी केलेला असतोच. गाणं संथ होतं आणि सूरही उतरतो, सा थेट मंद्र पंचमाच्या जरा खाली जातो. शिवाय गळ्याची आणि तोंडाची पोकळी आवाजाला जो आकार देते, तोही त्याच प्रमाणात खाली सरकतो, म्हणून गायक एकाएकी अवाढव्य देहाचा वाटू लागतो. ‘बिस्किट’ या गाण्यात 1950च्या दशकातला लोकप्रिय अमेरिकी गायक जॉनी रे असाच मंदावून वापरलाय. प्रेमगीत गाणारा तो माणूस तिथे भुतासारखा ऐकू येतो.

लयही अशीच ओढलेली. ‘ग्लोरी बॉक्स’मध्ये साधारण सेकंदाला एक ठोका पडतो. आपण चालतो सेकंदाला सुमारे दोन पावलं, आणि टेबलावर सहज बोटं वाजवायला सांगितलं तरी वेग त्याच आसपास येतो. त्याच्या निम्म्या वेगात शरीराला प्रत्येक ठोक्याची वाट बघावी लागते.

या सगळ्या फिरत्या तुकड्यांवर एकच गोष्ट फिरत नाही, बेथ गिबन्सचा गळा. तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ आहे, श्वाससुद्धा ऐकू येतो. खालचं सगळं आधीच पाठ झालेलं असल्यामुळे कानाचं सगळं लक्ष तिच्या पुढच्या शब्दाकडे मोकळं राहतं, आणि ती तो कधी किंचित उशिरा टाकते, कधी अर्ध्यावरच सोडते. ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार 1995 साली या अल्बमला मिळाला तेव्हा स्पर्धेत ओएसिससारखा गाजलेला रॉक गट होता, ब्रिस्टलचाच ट्रिकीही होता.

आज मोबाइलमधल्या फुकट अ‍ॅपवरूनही कुठल्याही गाण्यावर रेकॉर्डची खरखर शिंपडता येते. ती बहुतेकदा गाण्याच्या वर तरंगत राहते, ठोक्यांत मिसळत नाही, म्हणून दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. पोर्टिसहेडनं मात्र 2008च्या ‘थर्ड’ या अल्बममध्ये रेकॉर्ड घासण्याचा तो ओळखीचा आवाज जवळजवळ सोडूनच दिला. तोवर तो जाहिरातींपर्यंत पोचला होता.