शाफ्ट कापण्याआधी लिफ्ट हलवून पाहा

नव्या रोटाव्हेटरसोबत येणारा पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराकडे नेणारा फिरता दांडा, बऱ्याचदा गरजेपेक्षा लांब असतो. अवजार कोणत्या ट्रॅक्टरला लागणार हे कारखान्याला ठाऊक नसते, आणि लांब नळी कापता येते, आखूड वाढवता येत नाही. कापण्याचे काम मग शेतकऱ्याकडे येते.

शाफ्टमध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. अवजार उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचे दांडे सरळ वर जात नाहीत, कंसात फिरतात, म्हणून ट्रॅक्टर आणि अवजाराच्या गिअरबॉक्समधले अंतर सतत बदलते. दोन्हीकडची टोके समपातळीत आली की बहुधा ते सर्वांत कमी होते. अवजार जमिनीवर टेकवूनच माप घेतले, तर ही जागा हातून निसटते. मग अवजार उचलताना नळी आतल्या बाजूला ठोकरते आणि लिफ्टचा सगळा जोर पीटीओच्या बेअरिंगवर व गिअरबॉक्सवर येतो. शाफ्ट वाचतो, गिअरबॉक्स फुटतो.

म्हणून लिफ्ट हळूहळू वर-खाली करून सर्वांत जवळची जागा शोधा. इंजिन बंद करा, अवजाराखाली भक्कम ठोकळे लावा. शाफ्टचे दोन्ही भाग सुटे करून आपापल्या जागी बसवा, शेजारी-शेजारी धरा आणि खूण करा. या जागी नळीच्या टोकापुढे किमान 25 मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. दोन्ही नळ्या सारख्याच कापायच्या, प्लॅस्टिकचे कव्हरही तेवढेच. उलट, अवजार सर्वांत दूर असताना नळ्या एकमेकींत लांबीच्या किमान एक तृतीयांश असाव्यात. तेवढ्या नसतील तर दुसरा शाफ्टच घ्यावा. कापलेली धार कानशीने घासा, कीस झटका, ग्रीस लावा.

आता क्रॉसकडे, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांजवळच्या वाकणाऱ्या सांध्याकडे या. मिनिटाला 540 फेऱ्यांना शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो. क्रॉस 30 अंशांत वाकला, की पलीकडचा वेग एकसारखा राहत नाही: प्रत्येक फेरीत दोनदा तो 468 पर्यंत उतरतो आणि 624 पर्यंत चढतो. दुसरा क्रॉस हाच हेलकावा उलटा घालून मिटवतो, पण दोन्ही कोन सारखे आणि मधल्या नळ्यांवरचे दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एकाच रेषेत असतील तरच. चौकोनी नळी चुकीच्या बाजूनेही बसते; मग हेलकावे मिटण्याऐवजी वाढतात आणि क्रॉस अकाली जातो. कापण्यासाठी नळ्या सुट्या करण्याआधीच दोन्ही योकवर रंगाची एकेक रेघ ओढून ठेवा.