जळगावचं विमान आणि ते उडवणाऱ्यांची नोकरी

डिसेंबर २०१७मध्ये मुंबई-जळगाव विमान सुरू झालं. लहान शहरांना विमानाने जोडण्यासाठी सरकार अनुदान देतं त्या ‘उडान’ योजनेतलं, एअर डेक्कनचं, जेमतेम अठरा-एकोणीस प्रवाशांचं बीचक्राफ्ट. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात, कंपनीने उड्डाणं बेमुदत थांबवली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. नोकरी गेली म्हणावं तर पत्रावर तसं लिहिलेलं नाही, आहे म्हणावं तर खात्यात पगार नाही. वैमानिकांसाठी ही अधांतरी अवस्था बडतर्फीपेक्षा वाईट. याची मुळं कोविडच्या बरीच आधीची आहेत.

लहान शहरांना जोडण्यासाठी सरकारने १९८१मध्ये ‘वायुदूत’ काढली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोघींची मिळून ही कंपनी, आणि तिच्याकडे कानपूरला बांधलेली डॉर्नियर विमानं. तोटा वाढत गेला आणि १९९३मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. कर्मचाऱ्यांना सामावून घेताना ज्येष्ठता कुठून धरायची, हा प्रश्न साहजिकच होता, पण मालक सरकार असल्याने घरची चूल विझली नाही.

त्याच सुमारास खासगी कंपन्यांना आकाश खुलं झालं. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी एकापाठोपाठ आल्या आणि १९९७ संपेपर्यंत एकही उरली नाही. पुढे एअर पेगसस, एअर कोस्टा, एअर कार्निव्हल यांचंही तेच झालं, काही तर वर्ष-दीड वर्षातच गुंडाळल्या. २७ एप्रिल २०१७ला नांदेड-हैदराबाद हे ‘उडान’च्या पहिल्या विमानांपैकी एक उडवणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२मध्ये थांबली. या कंपन्यांना सामावून घेणारी मोठी बहीण कुणालाच नव्हती.

प्रादेशिक वैमानिकाला मंदीचा फटका जास्त का बसतो, हे त्याच्या लॉगबुकात दिसतं. तारीख, विमानाचा प्रकार, ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक, दिवसाचे तास, रात्रीचे तास, कमांडर म्हणून किती, को-पायलट म्हणून किती. त्यातल्या ‘प्रकार’ या एका रकान्यावर सगळं अडतं. परवान्यावर एटीआरचं, म्हणजे छोट्या मार्गांवरच्या पंख्याच्या विमानाचं, रेटिंग (ते उडवण्याची पात्रता) असेल तर एअरबस उडवता येत नाही. त्यासाठी नवं टाइप रेटिंग, म्हणजे सिम्युलेटरचे तास आणि लाखांचा खर्च. एटीआर चालवणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक बंद पडली की तिचे सगळे वैमानिक एकदम उरलेल्या दोन-तीन दारांशी उभे राहतात.

शिवाय हे कौशल्य पडून राहत नाही, त्याची मुदत संपते. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. दर सहा महिन्यांनी प्रवीणतेची चाचणी असते, वैद्यकीय तपासणी वेगळीच. चालू कंपनीत हा खर्च कंपनी करते, बंद कंपनीतल्या माणसाने तो घरून करायचा. बारामती किंवा गोंदियात २०० तास उडून व्यावसायिक परवाना मिळवलेला मुलगा बहुधा शिक्षणकर्ज फेडतच को-पायलट झालेला असतो. बँकेचा हप्ता काही बिनपगारी रजेवर जात नाही.

नियम मात्र एकाच बाजूने घट्ट आहेत. २०१७मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांचा नोटिस कालावधी वाढवला: कमांडरला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने. वैमानिक अचानक सोडून गेले तर प्रवाशांचे हाल होतात, हे कारण खोटं नाही. पण कंपनी अचानक थांबली तर वर्षभराचा पगार वैमानिकाला देणं तिला बंधनकारक आहे, असा उलटा नियम नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, की आणखी एक गाठ. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३नुसार ‘कामगारां’ची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जाते. इतर कर्मचाऱ्यांची फक्त १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्या मागून. मग वैमानिक कामगार की अधिकारी? जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येवरून हा वाद कोर्टात गेलेला आहे. उत्तर कोणतं येतं, त्यावर कुणाच्या हाती काय पडणार ते ठरतं.

‘उडान’ने मार्ग वाढवले, हे मान्यच करायला हवं. पण अनुदान आणि मार्गाचा एकाधिकार साधारण तीन वर्षांचा, आणि निम्म्या जागांचं भाडं मर्यादेत, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपये. इंधन महागलं किंवा रुपया घसरला की भाड्याने घेतलेल्या विमानासाठी कंपनीला डॉलरमध्ये मोजावे लागणारे पैसे पेलवत नाहीत, आणि पहिली कात्री पगाराला लागते. सरकारी अलायन्स एअरमध्येसुद्धा वैमानिक मुदतीच्या करारावर घेतले जातात. विमान कंपनीने मार्ग अर्धवट सोडू नये म्हणून ‘उडान’मध्ये बँक हमी घेतात. तशीच हमी निदान तीन महिन्यांच्या पगाराची घ्यायला काय हरकत आहे?

जळगावला २०२४पासून पुन्हा विमान उतरतं. आता कंपनी गोव्याची, फ्लाय९१, आणि विमान एटीआर ७२.