मीटरवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी चांगली असतेच असं नाही

"मीटर लावा, 12.6 व्होल्ट आले की बॅटरी ठणठणीत" हा मेसेज खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर कधीपासून फिरायलाय. पटतोही, कारण आकडा खराच असतो. पण मीटर बॅटरीतून जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, त्यात दिसत नाही.

हिशोबापुरती बॅटरी म्हणजे व्होल्टेज कधी न उतरणारा एक आदर्श सोर्स आणि त्याला सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडलेला एक छोटा रेझिस्टन्स, ह्यालाच थेवेनिन इक्विव्हलंट म्हणतात, आणि तो रेझिस्टन्स घरच्याघरी काढता येतो. ट्रॅक्टर बंद असताना व्होल्टेज घ्या, समजा 12.6. मग हेडलाईट लावा, डीसी क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) करंट 10 अँपियर आला आणि व्होल्टेज 10.6 वर उतरलं, तर उतरलेले 2 व्होल्ट भागिले 10, म्हणजे आतला रेझिस्टन्स 0.2 ओहम. आता स्टार्टरला दीडदोनशे अँपियर लागतात आणि ही बॅटरी जास्तीत जास्त 12.6 भागिले 0.2, म्हणजे 63 देणार, तेही दोन्ही टर्मिनल थेट जोडून शॉर्ट केले तर (हे फक्त कागदावर हां, खरोखर शॉर्ट करू नका, बॅटरी फुटू शकते). मग गाडी उठणार कशी? चांगल्या बॅटरीत हाच आकडा 0.01 ओहमच्या आसपास, म्हणजे लाईट लावून जेमतेम 0.1 व्होल्ट उतरतो.

नुकतीच चार्ज केली असेल तर दोनतीन तास थांबून बघा, आणि मीटरच्या पिना थेट टर्मिनलवर टेकवा, वायरवर नको.