काँगो म्हटलंत, पण कुठला काँगो?

बातमी कोबाल्टच्या खाणीची असते आणि शेजारी झेंडा हिरवा-पिवळा-लाल. तो झेंडा काँगो नदीपलीकडच्या दुसऱ्या काँगोचा, कारण काँगो नावाचे देश दोन आहेत. लेख किन्शासाच्या काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुम्बा यांच्यावर असतो आणि राजधानी म्हणून ब्राझाव्हिल छापलेलं असतं. कोणी चूक दाखवली की उत्तर ठरलेलं: काँगो तो काँगोच, काय फरक पडतो? पडतो, आणि चांगलाच पडतो. सरकारं दोन, चलनं दोन, व्हिसाही दोन. एकाचा व्हिसा घेऊन दुसऱ्यात पाऊल टाकता येत नाही.

मोठा काँगो बहुतेकांच्या ओळखीचा आहे. राजा लिओपोल्ड आणि बेल्जियमची राजवट, हुकूमशहा मोबुटू, झाईर हे जुनं नाव, गोमा शहर, जगातलं बहुतांश कोबाल्ट, हे सगळं त्याचं. राजधानी किन्शासा, क्षेत्रफळ सुमारे २३.४५ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिकेत अल्जीरियाच्या खालोखाल. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

छोटा काँगो त्याच्या पश्चिमेला, ३.४२ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. तो फ्रेंचांच्या ताब्यात होता. त्याची राजधानी ब्राझाव्हिल हीच पूर्वी फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचीही राजधानी होती. अर्थव्यवस्था तेलावर चालते आणि २०१८ पासून हा देश ओपेकचा, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा, सदस्य आहे. त्यामुळे 'काँगोचं तेल उत्पादन' अशी बातमी दिसली की आधी ब्राझाव्हिल आठवावं.

आता खरा पेच, नावाचा. 'ज्याच्या नावात लोकशाही तो मोठा' अशी खूणगाठ बरेच जण बांधून ठेवतात. आजच्या कागदावर ती बरोबर आहे: मोठा तो 'काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक' आणि छोटा तो 'काँगोचे प्रजासत्ताक'. जुना कागद हातात आला की मात्र हीच खूणगाठ फसवते. मोठा काँगो ३० जून १९६० ला स्वतंत्र झाला, छोटा त्याच वर्षी १५ ऑगस्टला. आणि दोघांचं अधिकृत नाव तेव्हा अगदी एकच होतं, 'काँगोचे प्रजासत्ताक'. २० सप्टेंबर १९६० ला दोघांना एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं, तेव्हा ओळख पटावी म्हणून नावापुढे कंसात राजधानी लिहावी लागली: एक लिओपोल्डविलवाला (आजचं किन्शासा), एक ब्राझाव्हिलवाला.

मोठ्याने 'लोकशाही' हा शब्द १९६४ मध्ये जोडला. १९७१ मध्ये तो झाईर झाला आणि मे १९९७ मध्ये, मोबुटूंची सत्ता गेल्यावर, परत लोकशाही प्रजासत्ताक. मधल्या काळात छोट्यानेही नाव बदललं होतं: १९७० पासून १९९१ पर्यंत तो 'काँगोचे जनता प्रजासत्ताक' होता. 'जनता' आणि 'लोकशाही' हे शब्द अर्थाने इतके जवळचे की भाषांतरात हमखास एकमेकांच्या जागी जाऊन बसतात आणि देशच बदलतो.

म्हणून जुना मजकूर वाचताना आधी साल बघायचं. १९७१ ते १९९७ मधल्या कागदावर देश म्हणून नुसतं 'काँगो' असेल तर तो छोटा, कारण मोठ्याचं नाव तेव्हा झाईर होतं. १९६० ते १९६४ मधला कागद असेल तर देशाचं नाव काहीच सांगत नाही, शहर शोधावं लागतं. लिओपोल्डविल म्हणजे आजचं किन्शासा, एलिझाबेथविल म्हणजे लुबुम्बाशी, स्टॅन्लेविल म्हणजे किसांगानी. तिन्ही मोठ्या काँगोत. ब्राझाव्हिलचं नाव मात्र आहे तेच राहिलं.

एकच उदाहरण घ्या. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना डिसेंबर १९६१ मध्ये वीरमरण आलं ते एलिझाबेथविलला, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत. त्यासाठी त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्या वेळच्या कागदपत्रांत देशाचं नाव 'काँगोचे प्रजासत्ताक' असंच येणार. ते जसंच्या तसं उचलून आजच्या नकाशावर शोधलं की खूण पडते ब्राझाव्हिलच्या देशात, जिथे ती लढाई झालीच नाही. परमवीरचक्राच्या मानकऱ्याबद्दल लिहिताना तरी एवढी तसदी घ्यायलाच हवी.

या सगळ्यामुळे माझा आग्रह एकच आहे: काँगो-किन्शासा आणि काँगो-ब्राझाव्हिल असंच लिहावं. शीर्षकात जागा कमी असली तरीही. 'डीआर काँगो'ही मला पटत नाही, कारण ते वाचून समोरच्याला दुसराही काँगो आहे हे कळत नाही. बाकी, डीआरसी आणि आरडीसी हा एकच देश आहे, पहिलं इंग्रजी लघुरूप, दुसरं फ्रेंच. आरसीए मात्र तिसराच देश, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक.

ऑनलाइन फॉर्ममध्ये चूक होते ती यादीमुळे. बऱ्याच याद्यांत नुसतं 'काँगो' आधी येतं आणि तो छोटा असतो. मोठा त्याच्याखाली, स्वल्पविराम देऊन लांबलचक नावाने. घाईत पहिलाच निवडला जातो. नावापेक्षा देशाचा दोन अक्षरी संकेत तपासा: मोठ्याचा सीडी, छोट्याचा सीजी. सीडीतला डी म्हणजे डेमोक्रॅटिक, एवढं लक्षात ठेवलं की झालं. फोनसाठी मोठ्याचा २४३, छोट्याचा २४२.

पैशांच्या बाबतीत तर जास्तच जपावं, कारण दोन्हीकडे 'फ्रँक'च म्हणतात. मोठ्याचा काँगोली फ्रँक, संकेत सीडीएफ. छोट्याचा मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक, संकेत एक्सएएफ. तो सहा देशांत चालतो आणि एका युरोला ६५५.९५७ असा बांधलेला आहे. काँगोली फ्रँकची किंमत त्यापेक्षा कितीतरी कमी. बिलावर नुसतं 'फ्रँक' लिहिलं तर रक्कम कित्येक पटींनी चुकते.

झेंडे पाठ करण्यात वेळ घालवू नका. निळा मोठ्याचा, बस. भाषेवरून तर काहीच ठरत नाही, फ्रेंच आणि लिंगाला दोन्हीकडे आहेत आणि लोक दोन्हीकडचे काँगोलीच.

माल पाठवणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट महत्त्वाची. किन्शासा आणि ब्राझाव्हिल नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, एका काठावरून दुसरी राजधानी दिसते. म्हणून 'कुठेही उतरवा, पलीकडे नेऊ' असं वाटतं. पण मध्ये पूल नाही, होडीने किंवा फेरीने जावं लागतं, आणि मध्ये सरहद्द आहे, म्हणजे दोन्हीकडची कस्टम्स. समुद्रातून थेट वर येणंही शक्य नाही, कारण या शहरांच्या खाली नदीत धबधब्यांची लांब रांग आहे. म्हणूनच दोन देशांचे दोन वेगळे रेल्वेमार्ग झाले: मोठ्याचा मताडी बंदरापासून किन्शासापर्यंत, १८९८ चा; छोट्याचा प्वाँत-न्वार बंदरापासून ब्राझाव्हिलपर्यंत, ५१२ किलोमीटर, १९३४ चा. तेव्हा किन्शासाच्या मालावर बंदर मताडी लिहा, आणि विमानाने पाठवत असाल तर किन्शासा विमानतळाचा संकेत, एफआयएच. ब्राझाव्हिलचा बीझेडव्ही लिहिलात तर खोकी समोरच्या काठावर जाऊन पडतील.