सोलापुरात एलएलबी करणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी: लेखनिक, जादा वेळ, राखीव जागा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

'परीक्षेच्या वेळी बघू.' लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते उत्तर लिहून देणारा माणूस, मागायला गेल्यावर कॉलेजच्या खिडकीवर हे उत्तर मिळाले तर परत फिरू नका. माझ्या एलएलबीच्या पहिल्या सत्रात लेखनिकाची परवानगी मला तोंडीच मिळाली होती. पेपरच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी पत्र मागितले. पत्र नव्हते. पहिला पाऊण तास त्या धावपळीत गेला आणि तो शेवटपर्यंत भरून मिळाला नाही. माझी दृष्टी अधू आहे, अभ्यास पूर्ण झाला होता, तरीही दोन प्रश्न कोरे राहिले. म्हणून खाली जे सांगते आहे ते वेळेआधी आणि लेखी करा.

पात्र कोण?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी हे सगळ्यांना ठाऊक असते. पण लिहिण्यावाचण्यातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही त्याच यादीत आहेत, हे कित्येक पालकांना माहीत नसते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. राखीव जागेसाठी दिव्यांगत्व किमान 40 टक्के लागते. कायद्याच्या कलम 32 नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयात 5 वर्षांची सवलत मिळते. परीक्षेतल्या सोयीला मात्र 40 टक्क्यांची अट लावता येत नाही. लिहिताना बोटे आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने याच कारणावरून लेखनिक नाकारला होता. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची भूमिका चुकीची ठरवली. त्यानंतर केंद्र सरकारने 10 ऑगस्ट 2022 रोजी 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण येणाऱ्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे 'तुझे तर 30 टक्केच आहे' असे कुणी म्हणाले, तर या निकालाचे नाव अर्जात लिहा.

प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मग तपासणी. सोलापूरकरांसाठी ती जागा म्हणजे सिव्हिल, म्हणजेच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय. जाताना जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे कागद, श्रवण किंवा दृष्टी तपासणीचे अहवाल सगळे घेऊन जा.

नावाचे स्पेलिंग आधी जुळवून घ्या. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड आडनावे दहावीच्या गुणपत्रिकेवर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आणि दवाखान्याच्या कागदावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेली असतात. हा घोळ प्रवेश फेरीत निघाला तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे, तेही पाहा. मुदत संपलेला कागद पडताळणीत चालत नाही.

प्रवेश

तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या एलएलबीसाठी राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते आणि जागा केंद्रीभूत फेऱ्यांतून भरतात. सीईटीचा फॉर्म भरतानाच दिव्यांगत्वाचा रकाना आणि लेखनिकाची मागणी भरा. फॉर्ममध्ये 'नाही' लिहिले गेले तर पुढे हातात प्रमाणपत्र असूनही भांडत बसावे लागते. फॉर्म सायबर कॅफेवाला भरत असेल तर शेजारी बसून एकेक रकाना मोठ्याने वाचून घ्या.

कॉलेजमधला अर्ज, सगळ्यात महत्त्वाचा

सीईटीला मिळालेली परवानगी कॉलेजात आपोआप येत नाही. प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि तो पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवण्याची विनंती त्यातच करा. मजकूर साधा असू द्या:

'मी एलएलबी भाग … मध्ये शिकत असून मला … प्रकारचे … टक्के दिव्यांगत्व आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 17 मध्ये नमूद केल्याप्रमाणे मला परीक्षेसाठी लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मंजूर करावा, आणि तसे लेखी पत्र मला व परीक्षा केंद्राला द्यावे, ही विनंती.'

सोबत प्रमाणपत्राची आणि ओळखपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी सोडली होती.

तासाला 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, हे प्रमाण केंद्राच्या 29 ऑगस्ट 2018 च्या सूचनांत आहे. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यालाही हा वेळ मिळू शकतो. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे आणि सेरेब्रल पाल्सी या तिन्हींत मागितला की लेखनिक द्यायचा असतो. इतरांना आपण लिहू शकत नाही असे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा समकक्ष सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. या सूचना अधूनमधून सुधारल्या जातात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक विद्यापीठाकडून मागून घ्या.

लेखनिक निवडणे हे विधी शाखेत सगळ्यात अवघड काम आहे. त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालच्या पायरीवरचे असावे लागते, म्हणून कायद्याचा सोबती चालत नाही. बीए-बीकॉमची मुले येतात. त्यांनी 'विबंध', 'प्रतिभूती', 'अंतरिम मनाई हुकूम' हे शब्द आयुष्यात ऐकलेले नसतात. त्यात 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने कलमांचे आकडेही बदलले आहेत. उत्तर इंग्रजीतून असेल तर लॅटिन वचनांचे स्पेलिंग सांगण्यातच दहा मिनिटे जातात. माझा अनुभव असा की लेखनिकासोबत आधी दोन जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत आणि पन्नासेक शब्दांची यादी त्याच्याकडून लिहून घ्यावी. 'नवीन परिच्छेद', 'खाली रेघ', 'कंसात' अशा सूचनांचीही सवय लागते. आजारपणात लेखनिक बदलायची सोय सूचनांत आहे, म्हणून दुसरा माणूस सांगून ठेवा.

परीक्षेबाहेरच्या गोष्टीही याच अर्जात मागा. तळमजल्यावर वर्ग, पुढच्या बाकावर जागा, मूट कोर्टसाठी (खटला चालवण्याच्या सरावासाठी) पायऱ्या नसलेले दालन, टिपणे सॉफ्ट कॉपीत. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून घ्यायला मुभा दिली आहे, त्यामुळे ग्रंथालयाने स्कॅन करायला घाबरू नये. मूळ कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत आणि एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

हजेरीचे लक्षात ठेवा. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल, विषयात 65 टक्के आणि सर्व विषय मिळून 70 टक्के भरत असेल, तर प्राचार्य परवानगी देऊ शकतात. उपचारांच्या तारखा त्या त्या आठवड्यातच लेखी कळवा.

पैसे आणि प्रवास

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. दिव्यांगत्व 40 टक्के आणि महाराष्ट्राचा अधिवास लागतो. केंद्राची वेगळी योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे, तिथे पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. बँक खाते आधारला जोडलेले ठेवा आणि दरवर्षी नूतनीकरण करा. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून रोज येणाऱ्यांना एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे.

नकार मिळाला तर

नकार लेखी मागा. आधी कॉलेजच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, मग विद्यापीठाकडे, आणि तरीही दाद लागली नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करा. पोच असलेला पहिला अर्ज तिथे उपयोगी पडतो.

पदवीनंतर वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेला ही मागणी पुन्हा नव्याने करावी लागते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिबाधित उमेदवारांना जॉज हे स्क्रीन वाचणारे सॉफ्टवेअर वापरून ही परीक्षा देऊ देण्याचा निर्देश दिला. त्या फॉर्मसोबत जोडता यावीत म्हणून कॉलेजच्या काळातली सगळी मंजुरीपत्रे एका फाइलमध्ये सांभाळून ठेवा.